खरे नाव : अर्सुला ले ग्विन यांच्या कादंबऱ्या



विज्ञानकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो आणि अद्भुतकथा म्हटली की जादूची कांडी. ह्या दोन्ही वस्तू मुलांच्या; मिसरूड फुटताच त्या माळ्यावर टाकून द्यावयाच्या, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा समज फार दिवस होता. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'सारख्या पुस्तकांनी विज्ञानकथेपुरता तो बराचसा दूर केला. अद्भुतकथा मात्र अजून माळ्यावरच आहे. आज ज्या अमेरिकन लेखिकेविषयी मी बोलणार आहे, त्या अर्सुला के. ले ग्विन ह्यांनी हे दोन्ही प्रकार आयुष्यभर हाताळले, आणि दोहोंनाही प्रौढ माणसाच्या बैठकीत आणून बसविले. १९२९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्यांचा जन्म झाला आणि २०१८ च्या जानेवारीत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे त्या वारल्या. वीसहून अधिक कादंबऱ्या, शिवाय कथा, कविता, निबंध असा त्यांचा पसारा आहे. तो सगळा मी आपल्यापुढे मांडणार नाही. मला त्यातील एकच गोष्ट सांगावयाची आहे. ह्या बाई आपणच उभारलेल्या सृष्टीत पुन्हा पुन्हा परत गेल्या, आपल्या हातून तेथे काय राहून गेले ते त्यांनी पाहिले, आणि ते चारचौघांत कबूल केले. लेखकांच्या जातीत हा गुण दुर्मीळ आहे.

त्यांच्या नावातील मधला 'के' म्हणजे क्रोबर. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या नावात मध्ये नवऱ्याचे नाव येते; ह्या बाईंच्या नावात मध्ये माहेर आहे, आणि ते माहेर काही साधे नव्हते. वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्निया विश्वविद्यालयातील मानववंशशास्त्राचे मोठे पंडित. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा, नातीगोती, चालीरीती टिपून ठेवण्यात त्यांची उमर गेली. कारण ते रहिवासी डोळ्यांदेखत नाहीसे होत होते.

१९११ च्या ऑगस्ट महिन्यात ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी एक उपाशी, भेदरलेला माणूस सापडला. याही नावाच्या जमातीतला तो शेवटचा माणूस होता. बाकीच्यांना सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांच्या बंदुकांनी, रोगांनी आणि उपासमारीने संपविले होते. त्याला सॅन फ्रान्सिस्कोतील विश्वविद्यालयाच्या वस्तुसंग्रहालयात आणून ठेवण्यात आले. नाव विचारले तर तो सांगेना. त्याच्या लोकांत आपले नाव आपण उच्चारावयाचे नसे. दुसऱ्या कोणी ओळख करून द्यावयाची, आणि तो दुसरा कोणी आता पृथ्वीवर उरला नव्हता. वर्तमानपत्रांना तर नाव हवे होते. तेव्हा क्रोबरांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. १९१६ साली तो क्षयाने वारला. त्याचे शव चिरू नये असे क्रोबरांनी न्यूयॉर्कहून लिहिले होते, तरी ते चिरले गेले. आणि मग, हे सांगताना वाईट वाटते, काढून ठेवलेला त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे खुद्द क्रोबरांनीच धाडून दिला. त्याच्या आप्त जमातींच्या हाती तो परत पडावयाला २००० साल उजाडले. त्याचे खरे नाव आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

ह्यानंतर तेरा वर्षांनी अर्सुलाबाई जन्मल्या. वडील घरात इशीविषयी फारसे बोलत नसत. पुढे आई थिओडोरा क्रोबर ह्यांनी इशीचे चरित्र लिहिले, ते १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि गाजले. मुलीला ही हकीगत खऱ्या अर्थाने कळली ती त्या सुमारास. लेखकाचे घर आणि त्याची कथा ह्यांच्यामध्ये सरळ दोरी बांधणे धोक्याचे असते, हे मी जाणतो. पण त्यानंतर सात वर्षांनी, १९६८ मध्ये, ह्याच मुलीने जी अद्भुतकथा लिहिली तिचा सगळा डोलारा 'खरे नाव' ह्या एका कल्पनेवर उभा आहे, एवढे आपल्या नजरेस आणून मी पुढे जातो.

त्या पुस्तकाचे नाव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. अर्थसी म्हणजे शेकडो बेटांची एक कल्पित सृष्टी. तेथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते. ज्याला ते कळले त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसे चारचौघांत टोपणनावाने वावरतात, आणि खरे नाव सांगतात ते फक्त प्राणाइतका विश्वास असलेल्या माणसाला. गोंट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा जादुगार होतो. तेराव्या वर्षी ओगियन नावाचा मितभाषी गुरू त्याला 'गेड' हे नाव देतो. पुढे रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात एका सहाध्यायाला खिजविण्याच्या ईर्ष्येने तो मृतात्म्याला हाक मारतो, आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. उरलेले पुस्तक म्हणजे त्या छायेने त्याचा केलेला पाठलाग, आणि मग त्याने उलट फिरून तिचा केलेला पाठलाग. अखेर ती समोर येते तेव्हा तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव कोणते, हे ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांना मी सांगणार नाही. पण ज्याला आपल्या तारुण्यातील एखादी चूक अजून रात्री आठवते, त्याला ते सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. हा गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. अर्थसीमधील बहुतेक माणसे सावळी किंवा काळी आहेत. गोरे आहेत ते पूर्वेकडचे लुटारू. १९६८ साली अमेरिकेत हे लिहिणे सोपे नव्हते, म्हणून बाईंनी ते बेताने, वाचक गेडवर जीव लावून बसल्यावर, हळूच सांगितले. प्रकाशकांनी पुष्कळ वर्षे मुखपृष्ठावर त्याला गोराच रंगविला, आणि २००४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली तिच्यातही तो गोराच निघाला. त्या वेळी बाईंनी उघड नापसंती लिहिली.

१९७१ सालचा दुसरा भाग, 'द टूम्ब्ज ऑफ अटुआन', हा माझ्या मते त्यांचा सर्वांत चांगला ग्रंथ. वाळवंटात थडग्यांचे एक प्राचीन देवस्थान आहे. तेथील मुख्य पुजारीण मेली की त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधून काढावयाची, आणि ती पाच-सहा वर्षांची झाली की तिला आईपासून तोडून देवस्थानाला वाहावयाची. त्या विधीत तिचे नाव काढून घेतले जाते. तेनार नावाची मुलगी अशा रीतीने 'आर्हा' होते. आर्हा म्हणजे गिळून टाकलेली. तळघरातल्या अंधाऱ्या भूलभुलैयावर तिची सत्ता, आणि तेच तिचे सगळे जग. एके दिवशी त्या अंधारात गेड चोरासारखा शिरतो आणि सापडतो. तिच्या हातात त्याचे मरण असते. तो तिला काय देतो? तिचे नाव परत देतो. तू तेनार आहेस, एवढेच सांगतो.

हे वाचताना मला माझी एक आत्या आठवली. तिला आम्ही सारे एकाच नावाने ओळखत असू. ती गेल्यावर घरातली जुनी भांडी काढली, तेव्हा एका पितळी डब्यावर निराळेच नाव कोरलेले दिसले. हे कोणाचे, म्हणून विचारले, तर घरातली सर्वांत वृद्ध बाई म्हणाली, "अरे, तिचंच. माहेरचं." लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने तिला हाक मारणारे एकेक माणूस कमी होत गेले. पन्नास वर्षे त्या नावाला राहावयाला जागा होती ती एका डब्याची. ज्या घरांत आजही ही चाल आहे तेथे तेनारची कथा परकी वाटणार नाही; उलट अमेरिकन वाचकापेक्षा ती आपल्यालाच अधिक लवकर कळेल असे मला वाटते.

१९७२ साली तिसरे पुस्तक आले, 'द फार्देस्ट शोअर'. त्यात गेड सर्व जादुगारांचा मुख्य आहे. जीवन आणि मृत्यू ह्यांमधले पडलेले भगदाड बुजविताना त्याची सगळी शक्ती खर्ची पडते. त्रिदळ पूर्ण झाले, स्तुती झाली. आणि तेनार? तिसऱ्या पुस्तकात ती नावापुरती उरली. एवढ्या धैर्याने अंधारातून बाहेर आलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे लेखिकेलाही त्या वेळी सांगता आले नाही. रोकच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नाही, बायकांची जादू म्हणजे गावठी चेटूक, मोठी विद्या पुरुषांची. ही व्यवस्था बाईंनी परंपरेने आलेल्या वीरकथांतून उचलली होती आणि ती तशीच चालू दिली होती.

मध्यंतरी त्यांचे दुसरे घर, म्हणजे विज्ञानकथेचे, बांधून होत होते. १९६९ सालची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही कादंबरी गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर घडते. तेथील माणसे ना पुरुष, ना स्त्री. महिन्यातून काही दिवस त्यांच्यात कामवृत्ती जागी होते, आणि त्या वेळी कोण पुरुष होईल व कोण स्त्री, हे आधी ठरलेले नसते. एकच माणूस दोन मुलांची आई आणि तिसऱ्याचा बाप असू शकते. राजालाही दिवस जातात. ह्या ग्रहावर गेन्ली आय नावाचा एक दूत बाहेरून येतो. एस्ट्रावेन नावाचा तेथील मुत्सद्दी त्याच्यासाठी पद गमावतो, देश गमावतो. पण ह्याचा त्याच्यावर विश्वास बसत नाही, कारण समोरच्याला पुरुष म्हणून पाहावे की स्त्री म्हणून, हेच ह्याला उमगत नाही. शेवटी दोघे सुमारे ऐंशी दिवस हिमनदीवरून एक ढकलगाडी ओढत चालतात. एका तंबूत, मोजक्या शिध्यावर, मरणाच्या काठाने. तेथे त्याला प्रथमच समोरचे माणूस पुरते दिसते. ही पाने जागतिक कादंबरीत कोठेही ठेवावीत अशा तोलाची आहेत. कादंबरीला नेब्युला आणि ह्यूगो हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. कादंबरीसाठीचा ह्यूगो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका.

परंतु एक गोम राहिली. ह्या सर्व माणसांना बाईंनी इंग्रजीत सरसकट पुल्लिंगी सर्वनाम लावले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मग पुरुषांचाच देश उभा राहिला, आणि टीका झाली. १९७६ सालच्या एका निबंधात बाईंनी आपली बाजू मांडली: नवे सर्वनाम घडवून भाषेची मोडतोड करावयाची नाही. मात्र त्याआधीच, १९७५ मध्ये, त्याच ग्रहावरची आपली एक जुनी कथा संग्रहात घेताना त्यांनी सगळी सर्वनामे स्त्रीलिंगी करून टाकली होती, राजा हा शब्द तसाच ठेवून! आणि पुढे १९८७ साली त्यांनी तो निबंध पुन्हा हाती घेतला, जुना मजकूर पुसला नाही, पण त्याच्या शेजारी टिपा लिहून येथे माझे चुकले, येथे मी उगाच बचाव केला, असे स्वच्छ सांगितले.

ही कादंबरी मराठीत आणावयाची झाली तर काय होईल, ह्याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. इंग्रजीत अडचण एका सर्वनामाची; आपल्याकडे क्रियापदही चुगली करते. 'मी गेलो', 'मी गेले' एवढे म्हणताच बोलणारा उघडा पडतो. नपुंसकलिंग आहे खरे, पण प्रौढ माणसाला 'ते आले' असे एकवचनात म्हणणे म्हणजे एकतर लाड किंवा तुच्छता. कोकणीत लहान वयाच्या मुलीविषयी बोलताना नपुंसकलिंग सहज वापरतात, हे गोव्याच्या श्रोत्यांना सांगावयास नको. तेथेही मुलगी मोठी झाली की ते सुटते. तरी वाट अगदीच बंद नाही. 'येईल', 'बसेल' ह्या भविष्यकाळाला लिंग नाही. जुन्या गद्यातले 'येई', 'बसे', 'सांगे' हे रूपही तिघांना सारखे. 'एस्ट्रावेनने पाहिले' ह्यात पाहणारे कोण, ते कळत नाही. एखादा कसबी अनुवादक ह्या फटींतून पाने दोन पाने जाईलही. चारशे पाने जाणे मात्र कठीण. पण ह्या धडपडीतच कादंबरीचे मर्म कळते. माणसाचे लिंग ठरविल्यावाचून आपल्याला साधे वाक्यही बोलता येत नाही, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, ह्या गोष्टीने शिकविले.

इतर विज्ञानकादंबऱ्यांचा उल्लेख मी ओझरता करतो. व्हिएतनामच्या युद्धकाळात लिहिलेली 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही त्वेषाने लिहिलेली आहे, आणि त्या त्वेषामुळे थोडी एकसुरी झाली आहे. १९७४ ची 'द डिस्पझेस्ड' ही मोठी कृती. एका ओसाड चंद्रावर राज्यसंस्था आणि मालमत्ता दोन्ही न मानणारे लोक राहतात. त्यांच्या भाषेत 'माझे' हा शब्द शक्यतो येत नाही, आणि मुलांची नावे यंत्र ठरविते, म्हणजे त्या नावांना ना जात, ना लिंग, ना घराणे. पण शेवेक नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला तेथेही असे आढळते की सरकार नसले तरी लोकमताची भिंत असते, आणि ती कोणी बांधली हे सांगता येत नसल्यामुळे पाडणे अधिक अवघड असते. लेखिकेला जो समाज मनापासून प्रिय, त्याचेच दोष तिने इतक्या बारकाईने दाखवावेत, ह्याचे मला कौतुक वाटते.

आता पुन्हा तेनारकडे. १९९० साली, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी, 'तेहानू' प्रसिद्ध झाली. वाचकांनी मोठ्या आशेने उघडली, आणि कित्येक जण चिडले. त्यात तेनार मध्यमवयीन विधवा आहे. गोंटवरच्या एका शेतकऱ्याशी तिने लग्न केले, दोन मुले वाढविली. गावात तिला 'गोहा' म्हणतात. म्हणजे पुन्हा एक नाव! नात्याच्याच माणसांनी अत्याचार करून आगीत लोटलेली एक पोर ती घरी आणते. पोरीचा अर्धा चेहरा जळालेला, एक हात कामातून गेलेला. गेड परत येतो तो शक्ती गमावलेला, लाजेने लपू पाहणारा; महाजादुगार पुन्हा शेळ्या राखू लागतो. तेनारचा मुलगा समुद्रावरून घरी येतो आणि जेवलेली थाळी तेथेच टाकून उठतो, कारण ते बायकांचे काम. ना मोठे पराक्रम, ना बेटाबेटांचे प्रवास. चूल, शेळ्या, कुंपण, आणि रात्री दाराबाहेर कोणी उभे असेल ही भीती.

बेटे तीच, डोंगर तोच. पाहणारी जागा तेवढी बदलली. आधीची तीन पुस्तके बाईंनी मागे घेतली नाहीत, त्यांत एक शब्दही फिरविला नाही. गडाच्या सज्जातून दिसणारे जग आधी लिहिले होते, आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारे लिहिले. १९९२ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ह्याची कारणे सविस्तर सांगितली. पुस्तकात दोष नाहीत असे नाही. दुष्ट जादुगार फार सरधोपट आहे, आणि शेवटी संकट निवारावयाला ड्रॅगन आकाशातून इतक्या चटकन येतो की मला ते पटले नाही. पण त्या ड्रॅगनला हाक मारते ती जळालेली मुलगी, आणि तो तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखतो. तेच पुस्तकाचे नाव आहे.

'ऑलवेज कमिंग होम' हे १९८५ सालचे पुस्तक ह्याच्या आधीचे. मी ते दोनदा हाती घेतले आणि दोनदा खाली ठेवले. वडिलांचे उन्हाळी घर ज्या नापा खोऱ्यात होते, त्याच खोऱ्यात दूरच्या भविष्यकाळी राहणाऱ्या केश लोकांचे हे कल्पित मानववंशशास्त्र: त्यांची गाणी, पाककृती, विधी, आत्मकथा. सोबत त्यांच्या संगीताची ध्वनिफीतही दिली होती. तिसऱ्या खेपेला मी ते शेवटपर्यंत वाचले, तेव्हा ध्यानात आले की बाप नाहीशा होणाऱ्या लोकांची टिपणे करीत होता आणि मुलगी अजून न आलेल्या लोकांची करीत आहे. येथे कोणी कोणाला वस्तुसंग्रहालयात ठेवीत नाही. २०२१ साली, बाईंच्या मृत्यूनंतर, बर्कलीच्या विश्वविद्यालयाने क्रोबरांचे नाव त्यांच्या इमारतीवरून उतरविले.

म्हातारपणीही ही परत जाण्याची खोड गेली नाही. २००८ च्या 'लविनिया'त त्या व्हर्जिलच्या महाकाव्याकडे वळल्या. ज्या राजकन्येसाठी तेथे युद्ध पेटते, तिच्या तोंडी कवीने एकही शब्द घातलेला नाही. बाईंनी अख्खी कादंबरी तिच्या तोंडून सांगविली. २०१४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ प्रतिष्ठानाने त्यांना सन्मानपदक दिले, तेव्हा पंचाऐंशी वर्षांच्या ह्या बाईंनी प्रकाशकांनी भरलेल्या सभागृहात, आपल्याही प्रकाशकांना न वगळता, सांगितले की सार्वजनिक ग्रंथालयांकडून तुम्ही इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची किंमत इतर गिऱ्हाइकांच्या सहा-सात पट घेता. ज्यांनी आपल्या गावचे वाचनालय वर्गणीच्या चार पैशांवर चालताना पाहिले आहे, त्यांना ह्या बोलण्याची किंमत कळेल.

'तेहानू'च्या मुखपृष्ठावर त्यांनी 'अर्थसीचे शेवटचे पुस्तक' असे छापले होते. तीही चूकच ठरली. २००१ साली आणखी दोन पुस्तके आली, आणि त्यांपैकी 'द अदर विंड'मध्ये मृतांच्या कोरड्या प्रदेशाभोवतीची जी भिंत त्यांनीच तीस वर्षांपूर्वी उभी केली होती, ती त्यांनीच दगडादगडाने पाडली. शेवटची अर्थसी-कथा त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ च्या उन्हाळ्यात, एका वाङ्मयीन त्रैमासिकात आली. ती अगदी लहान आहे. म्हातारा गेड अंथरुणावर पडून आहे, शेकोटी जळते आहे, आणि तेनार घरात कामे करीत मधूनमधून त्याच्याकडे येऊन जाते.